वाटाड्या कुठे घ्यावा, कुठे नको

प्रश्न : मी ५६ वर्षांची, नुकतीच निवृत्त झालेली शिक्षिका असून साताऱ्यात राहते. धाकट्या बहिणीसोबत सह्याद्रीतले गड पुष्कळ हिंडले आहे. पुढच्या वर्षी आम्ही दोघी लंडनला माझ्या मुलाकडे जाणार आहोत आणि तिथून कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिका या बेटावर दोन आठवडे स्वतंत्रपणे फिरावे, असे मनात आहे. सहल कंपन्या क्रूझखेरीज दुसरे काही सुचवत नाहीत, आणि दोघी बायकांनी परक्या मुलखात कंपनीशिवाय जाऊ नये असे मुलाचे म्हणणे आहे. आम्ही शाकाहारी आहोत, अंडी मात्र खातो. स्थानिक माणसांची मदत घेऊन हा प्रवास जमेल का? अशी माणसे शोधायची कशी आणि त्यांच्यावर किती विसंबायचे?
— एक वाचक, सातारा

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

जमेल, आणि तुमचे गड हिंडणे पाहता इतरांपेक्षा बरे जमेल. क्रूझचा पर्याय मात्र मनातून काढून टाका. जहाज सकाळी रोझो या राजधानीच्या धक्क्याला लागते, प्रवाशांना दोन-तीन ठिकाणी बसने फिरवून आणले जाते आणि संध्याकाळी ते निघून जाते. डॉमिनिकाचे डोंगर, नद्या आणि गावे या वेळापत्रकात बसत नाहीत. तुमच्या मुलाची काळजी रास्त आहे, पण कंपनी किंवा एकटेपणा एवढेच दोन पर्याय आहेत हे त्याचे गृहीतक बरोबर नाही. जेमतेम ७० हजार वस्तीच्या या बेटावर घरगुती निवास चालवणारी बाई, ठरलेला टॅक्सीवाला आणि डोंगरातला वाटाड्या ही तीन माणसे नीट मिळाली, की सहल कंपनीने करण्यासारखे फारसे काही उरत नाही. प्रवासातली कोणती कामे या तिघांवर सोपवायची आणि कोणती आपल्या हाती ठेवायची, हे निघण्यापूर्वी ठरवणे एवढेच खरे नियोजन आहे.

आधी एक घोटाळा टाळा. डॉमिनिका आणि डॉमिनिकन रिपब्लिक हे दोन वेगळे देश आहेत. दुसरा स्पॅनिश भाषक असून हैतीला लागून असलेल्या मोठ्या बेटावर आहे. तुम्ही जाणार तो देश इंग्रजी भाषक, ग्वादलूप आणि मार्टिनिक या फ्रेंच बेटांच्या मधोमध, क्षेत्रफळाने सुमारे ७५० चौरस किलोमीटर आणि १९७८ मध्ये ब्रिटनपासून स्वतंत्र झालेला आहे. आपल्याकडे त्याचे नाव २०२१ मध्ये एका फरार हिरेव्यापाऱ्याच्या अटकेमुळे वर्तमानपत्रांत झळकले, तरीही तिकीट काढून देणारे एजंट अजून गफलत करतात. तिकिटावरचा विमानतळाचा संकेत ‘डीओएम’ असला पाहिजे. ‘एसडीक्यू’ दिसला, तर तुम्ही सांतो दोमिंगोला चालला आहात असे समजा.

भारतीय पारपत्रावर डॉमिनिकात पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही, आणि बार्बाडोसलाही लागत नाही. म्हणून लंडनहून बार्बाडोस आणि तिथून छोट्या विमानाने डॉमिनिका हा मार्ग तुमच्यासाठी सर्वांत सरळ आहे. मायामीहून थेट विमान आहे, पण अमेरिकेत केवळ विमान बदलायचे असले तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो. तो तुमच्याकडे नसेल, तर स्वस्त तिकिटाच्या मोहाने त्या वाटेला जाऊ नका. शेजारच्या फ्रेंच बेटांवरून बोटही येते. ती बेटे फ्रान्सची असली तरी शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, मोडत नाहीत, त्यामुळे युरोपचा साधा शेंगेन व्हिसा तिथे चालेल असे धरून चालू नका. तुमचा ब्रिटनचा व्हिसा परतीच्या दिवसापर्यंत वैध आहे ना, हेही पाहा, कारण बेटावरून तुम्हाला पुन्हा लंडनलाच उतरायचे आहे. हे सर्व नियम तिकीट काढण्याच्या आठवड्यात त्या-त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पुन्हा एकदा तपासावेत.

बेटांमधली विमाने लहान असतात, सामानाची मर्यादा कडक असते आणि वेळापत्रक हलते. लंडनचे आणि डॉमिनिकाचे तिकीट वेगवेगळे काढणार असाल, तर जाताना आणि येताना दोन्ही वेळी बार्बाडोसला एकेक रात्र मुक्काम ठेवा. हा खर्च अनेकांना वायफळ वाटतो, पण एक विमान चुकल्यामुळे दुसरे तिकीट बुडाले तर होणारे नुकसान कितीतरी मोठे असते.

आता मुख्य मुद्दा, वाटाड्याचा. तुमच्यासारख्या अनुभवी गिर्यारोहकांना वाटाड्या घेणे कमीपणाचे वाटू शकते, आणि सर्वच ठिकाणी तो लागतो असे मीही म्हणणार नाही. एमराल्ड पूल हा धबधब्याखालचा डोह, ट्रॅफल्गर धबधब्यांचा पाहण्याचा ओटा, कॅब्रिट्सच्या भूशिरावरचा फोर्ट शर्ली किल्ला ही ठिकाणे तुम्ही दोघी आरामात पाहू शकाल. किल्ल्यावर तर मुद्दाम वेळ काढून जा. १८०२ मध्ये तिथे ब्रिटिश सैन्याच्या वेस्ट इंडिया रेजिमेंटमधल्या आफ्रिकी सैनिकांनी उठाव केला होता. गडकोटांचा इतिहास वाचत चढणाऱ्या माणसाला तिथल्या तोफा आणि बराकी पाहताना पुष्कळ विचार करायला मिळतो.

‘बॉइलिंग लेक’ची गोष्ट पूर्ण वेगळी आहे. हे उकळते तळे म्हणजे ज्वालामुखीच्या वाफा सोडणाऱ्या विवरात साठलेले पाणी असून त्याचा व्यास सुमारे ६० मीटर आहे. कडेच्या पाण्याचेच तापमान ८० ते ९० अंश सेल्सिअस भरते. १९९७ पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या मॉर्न ट्रुआ पितों राष्ट्रीय उद्यानात, लोदा या गावाजवळून तिथली वाट सुरू होते आणि जाऊन-येऊन सहा-सात तास घेते. चढ-उतार तुम्हाला झेपतील, कारण राजगड-तोरणा करणाऱ्याचे पाय त्यासाठी तयार असतात. धोका चढाचा नाही. वाटेत ‘व्हॅली ऑफ डेसोलेशन’ नावाची दरी लागते. तिथे जमिनीतून वाफ आणि गंधकाचा वास येत असतो, ओढ्यांचे पाणी काही ठिकाणी कढत असते आणि वरून घट्ट दिसणारी जमीन खाली पोकळ असू शकते. कुठे पाय ठेवायचा हे सह्याद्रीतल्या अनुभवावरून कळत नाही. ते काल-परवा तिथून गेलेल्या माणसालाच कळते. शिवाय धुके उतरले की दरीतली वाट दिसेनाशी होते. इथे परवानाधारक वाटाड्या घ्याच. सकाळी लवकर निघा, आणि पावसामुळे तो अर्ध्यातून परत फिरू म्हणाला, तर पैसे पूर्ण देऊन परत फिरा. तशी बोली आधीच केलेली असली, की त्याच्यावर पुढे रेटण्याचे दडपण राहत नाही.

हेच तत्त्व वाइतुकुबुली राष्ट्रीय पदभ्रमण मार्गालाही लागू आहे. दक्षिणेच्या स्कॉट्स हेडपासून उत्तरेच्या कॅब्रिट्सपर्यंत साधारण १८५ किलोमीटरचा हा मार्ग १४ टप्प्यांत विभागलेला आहे. दोन आठवड्यांत तो पुरा करण्याचा हट्ट धरू नका; दोन-तीन टप्पे निवडा. ऑगस्ट २०१५ मधल्या एरिका वादळाने आणि १८ सप्टेंबर २०१७ रोजी आलेल्या पाचव्या श्रेणीच्या मारिया चक्रीवादळाने या बेटाचे डोंगर अक्षरशः सोलून काढले होते. त्यानंतर वाटा पुन्हा उघडल्या असल्या, तरी एका जोरदार पावसात दरड येऊन वाट बदलते आणि मोबाइलमधला नकाशा जुनीच वाट दाखवत राहतो. म्हणून ज्या टप्प्यात नदी ओलांडावी लागते तिथे गावातला माणूस सोबत घ्या, आणि उघड्या वस्तीमधून जाणारा टप्पा असेल तर दोघीच जा. अशा दिवशी घरमालकिणीकडून किंवा टॅक्सीवाल्याकडून तुमच्या पिशव्या पुढच्या गावी पोहोचवून घेता येतात. पाठीवरचे ओझे कमी करणारी ही मदत मला वाटाड्याइतकीच मोलाची वाटते, आणि बहुतेक प्रवासी ती मागायला विसरतात.

दोन ठिकाणी सोबत घ्यावी की नाही हा प्रश्नच येत नाही, ती घ्यावीच लागते. पोर्टस्मथजवळच्या इंडियन नदीत इंजिनाच्या होड्यांना बंदी आहे आणि स्थानिक नावाड्याच्या वल्ह्याच्या होडीतूनच आत जाता येते. झाडांची पसरट, भिंतीसारखी मुळे दोन्ही काठांवरून पाण्यात उतरलेली असतात. शक्य तितक्या सकाळी जा, म्हणजे दुसऱ्या होड्यांची गर्दी नसते. समुद्रातले स्पर्म व्हेल पाहायचे असतील, तर तेही परवानाधारक बोटीतूनच. डॉमिनिकाने २०२३ मध्ये या देवमाशांसाठी पश्चिम किनाऱ्यालगत राखीव क्षेत्र जाहीर केले. बोट निवडताना ती देवमाशांच्या किती जवळ नेते, असे विचारू नका; किती अंतर राखते, असे विचारा. उत्तरावरून माणूस कळेल.

पक्ष्यांची आवड असेल तर आणखी एका पहाटेचे पैसे राखून ठेवा. राष्ट्रध्वजावर दिसणारा सिसेरू पोपट जगात फक्त याच बेटावर आहे. मॉर्न डायब्लोटिन या १,४४७ मीटर उंचीच्या सर्वोच्च शिखराच्या उतारावर, सिंडिकेटच्या जंगलात तो दिसण्याची शक्यता असते. एवढ्या दाट झाडीत आवाजावरून दिशा ओळखणारा माणूस नसेल, तर तुम्ही फक्त पाने पाहून परत याल.

माणसे शोधायची कशी, हे तुम्ही विचारले आहे. सुरुवात निवासापासून करा, कारण चांगली घरमालकीण बाकीची दोन माणसे स्वतःच सुचवते, आणि लहान बेटावर तिने सुचवलेला माणूस वाईट निघाला तर तिचीही पत जाते. मोठ्या हॉटेलात हा धागा नसतो. तीन मुक्काम पुरेत : उत्तरेला पोर्टस्मथ, पूर्वेला कालिनागो प्रदेश आणि दक्षिणेला रोझोच्या वरच्या खोऱ्यात लोदा, ट्रॅफल्गर किंवा वॉटन वेवन. वॉटन वेवनला गरम पाण्याचे कुंड आहेत, तेव्हा बॉइलिंग लेकच्या दुसऱ्या दिवशी तिथे असणे सोयीचे. बेट लांबीला पन्नास किलोमीटरच्या आत असले, तरी रस्ते वळणावळणांचे आहेत. एकाच ठिकाणी राहून रोज सगळीकडे जाण्याचा बेत कागदावरच चांगला दिसतो.

वाटाड्याला आधी लेखी विचारायच्या गोष्टी थोड्या आहेत. त्याच्याकडे पर्यटन विभागाचे प्रमाणपत्र आहे का, दर माणशी आहे की पूर्ण दिवसाचा, त्यात टॅक्सी आणि उद्यानाचे शुल्क धरले आहे का, आणि सोबत आणखी किती लोक असतील. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आकडा कोणत्या डॉलरमध्ये आहे. डॉमिनिकाचे चलन पूर्व कॅरिबियन डॉलर असून ते १९७६ पासून एका अमेरिकी डॉलरला २.७० या दराने बांधलेले आहे. दोन्ही डॉलर बाजारात चालतात, त्यामुळे नुसते ‘शंभर डॉलर’ म्हटले तर रकमेत जवळजवळ तिपटीचा फरक पडू शकतो. भांडणाचे हे सर्वांत सामान्य कारण आहे आणि त्यात लबाडी असतेच असे नाही. भारतातून लहान नोटांचे अमेरिकी डॉलर न्या. रोझो आणि पोर्टस्मथला एटीएम आहेत, गावांत रोख रक्कमच लागते. ठरलेल्या दरावर आपल्या मंडईतल्यासारखी घासाघीस करू नये. दर पटला नाही तर नम्रपणे नाही म्हणावे. पूर्ण रक्कम आगाऊ मागणाऱ्याला मी तरी काम देणार नाही.

पोहोचण्याच्या दिवसाची टॅक्सी मात्र लंडनहून निघण्यापूर्वीच घरमालकिणीमार्फत ठरवून ठेवा. डग्लस-चार्ल्स विमानतळ बेटाच्या ईशान्येला आहे, रोझो तिथून तासाभराहून अधिक दूर आहे, आणि विमान संध्याकाळी उतरले तर बसची आशा धरता येत नाही. म्हणून पहिला मुक्काम जवळच्या पोर्टस्मथला किंवा कालिनागो प्रदेशात ठेवणे शहाणपणाचे. एरवी दिवसा मिनीबसने खुशाल फिरा. त्यांच्या क्रमांकाची पाटी ‘एच’ अक्षराने सुरू होते, वेळापत्रक नसते, गाडी भरली की सुटते. रविवारी आणि दुपारनंतर त्या विरळ होतात. जाण्याची बस मिळाली म्हणजे परतीची मिळेलच असे नाही, तेव्हा चढतानाच चालकाला शेवटच्या बसची वेळ विचारून घ्या. गाडी भाड्याने घेण्याचाही विचार येईल, कारण वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते; पण अरुंद घाटात अपरिचित गाडी चालवण्यापेक्षा त्याच पैशात निवडक दिवशी टॅक्सी करणे मला अधिक पटते.

कालिनागो प्रदेशाबद्दल थोडे सविस्तर सांगते. युरोपीय येण्यापूर्वीपासून या बेटांवर असलेल्या कालिनागो लोकांसाठी १९०३ मध्ये ब्रिटिशांनी पूर्व किनाऱ्यावर सुमारे ३,७०० एकर जमीन राखून ठेवली. आजही ती समाजाच्या सामाईक मालकीची आहे आणि सुमारे ३,००० लोक तिथे राहतात. २०२३ पासून देशाच्या राष्ट्राध्यक्ष असलेल्या सिल्व्हानी बर्टन याच समाजातल्या आहेत. इथे दर्शनी नृत्य पाहून तासाभरात निघू नका. एखाद्या कुटुंबाकडे दोन रात्री राहा. लारूमा नावाच्या वेताच्या टोपल्या विणणाऱ्या बायकांकडून थेट खरेदी करा, आणि कसावाची भाकरी भाजताना पाहा. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो, तोच हा कंद. माणसांची छायाचित्रे विचारल्याशिवाय काढू नका.

जेवणाची चिंता तुम्ही समजता त्याहून कमी आहे, पण ती वेगळ्या जागी आहे. डॉमिनिकाचे राष्ट्रीय खाद्य कॅललू हे दशीनच्या पानांचे दाट सार असते, आणि दशीन म्हणजे आपला अळूच. उकडलेले कंद, कच्ची केळी, कोकणात नीरफणस म्हणतात तो ब्रेडफ्रूट, नारळाचे दूध, डाळी हे सगळे रोजच्या स्वयंपाकात असते. अडचण अशी, की कॅललूत खेकडा किंवा खारवलेले मांस पडलेले असू शकते, आणि ‘व्हेजिटेरियन’ म्हटल्यावर मासे चालतात असा समज होऊ शकतो. म्हणून मांस, कोंबडी, मासे, खेकडा यांतले काहीही नको आणि अंडी चालतील, असे एकेक नाव घेऊन सांगा. रास्ताफारी या कॅरिबियन धर्मपंथाच्या लोकांच्या ‘आयटल’ खाणावळीत मांसाविना केलेले जेवण मिळते. फक्त त्यात मीठ बेताचे किंवा अजिबात नसते. शनिवारी सकाळी रोझोच्या बाजारातून फळे आणि भाज्या आणून घरमालकिणीच्या ओट्यावर पिठले-भात टाकायलाही हरकत नाही, तशी परवानगी आधी विचारलेली असली म्हणजे झाले.

वागण्याच्या दोनच गोष्टी. कुणालाही काही विचारण्यापूर्वी ‘गुड मॉर्निंग’ किंवा ‘गुड आफ्टरनून’ म्हणण्याची तिथे सक्त रीत आहे. बसमध्ये चढतानाही म्हणतात. थेट ‘ही बस कुठे जाते’ असे विचारणारा उद्धट ठरतो. दुसरे, लष्करी छापाचे हिरवे-तपकिरी कपडे सामान्य नागरिकांनी घालण्यास डॉमिनिकात आणि बार्बाडोसमध्येही कायद्याने मनाई आहे. आपल्याकडे ट्रेकची अर्धी मंडळी तसल्याच पँट घालतात, तेव्हा त्या घरी ठेवा. बोलण्याचा धागा हवा असेल तर क्रिकेट काढा. २०२३ मध्ये रोझोच्या विंडसर पार्कवर मुंबईच्या यशस्वी जैस्वालने पदार्पणाच्या कसोटीत १७१ धावा केल्या आणि अश्विनने १२ बळी घेतले. हे टॅक्सीवाल्याला सांगून पाहा, पुढचे अर्धा तास तोच बोलेल.

मुलाच्या काळजीला उत्तर म्हणून काही व्यवस्था मात्र कराच. रात्री रोझोत पायी फिरू नका, निर्जन किनाऱ्यावर सामान ठेवून पाण्यात उतरू नका. बेटावर विषारी साप नाहीत. पण किनाऱ्यावरच्या मँचिनील झाडाचे फळ आणि चीक विषारी असतो, पावसात त्याच्याखाली उभेही राहू नये. डेंग्यूचे डास आहेत. रोझोत मोठे रुग्णालय असले, तरी गंभीर रुग्णाला शेजारच्या बेटावर हलवावे लागू शकते, म्हणून विम्यात विमानाने हलवण्याचा खर्च धरलेला आहे याची खात्री करा. भारताचे उच्चायुक्तालय डॉमिनिकात नाही. त्रिनिदादमधल्या पोर्ट ऑफ स्पेनचे उच्चायुक्तालय तिथले काम पाहते. त्याचा दूरध्वनी क्रमांक, तिन्ही घरमालकिणींचे क्रमांक आणि कोणत्या दिवशी कोणत्या वाटाड्यासोबत कुठे जाणार याचा कागद मुलाकडे ठेवा. डोंगरात मोबाइलचा भरवसा नसतो, तेव्हा संध्याकाळी किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर त्याने कुणाला फोन करायचा, हेही त्यावर लिहा.

जाण्यासाठी फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा काळ निवडा. जून ते नोव्हेंबर हा वादळांचा हंगाम टाळलेला बरा. कोरड्या महिन्यांतही आतल्या डोंगरांत पाऊस असतोच. याच दिवसांत क्रूझ जहाजेही येतात. कोणत्या दिवशी किती जहाजे धक्क्याला लागणार याचे वेळापत्रक आधी जाहीर होते. ते पाहून त्या दिवशी ट्रॅफल्गर आणि एमराल्ड पूल वगळा आणि उत्तरेला किंवा कालिनागो प्रदेशात राहा.

तिकिटे काढण्यापूर्वी तिन्ही भागांतल्या दोन-दोन घरांना ईमेल लिहा. त्यात दोघींची वये, तुम्ही सलग किती तास चालू शकता, खाण्यातले नेमके काय चालत नाही, विमान साधारण किती वाजता उतरेल हे सांगा आणि बॉइलिंग लेकसाठी घरमालकीण कोणाला पाठवते, एवढेच विचारा. जिथून प्रत्येक प्रश्नाचे वेगळे उत्तर येईल ते घर घ्या. जिथून नुसती दरपत्रिका येईल ते सोडा.